दादाचे ६१ यो-यो आणि फोममधले ९ खाचे

आमच्या दादाकडं, म्हणजे मावसभावाकडं, ६१ यो-यो होते. मंगळवार पेठेतलं त्यांचं जुनं घर पाडून अपार्टमेंट उठवायचं ठरलं, बिल्डर दोन वर्षं म्हणतोय म्हणजे आपण तीन धरायची, तोवर राजारामपुरीत दोन खोल्या भाड्यानं, आणि डिपॉझिटला रोख पाहिजे. म्हणून कलेक्शन काढायचं ठरलं, सगळं नाही पण बहुतेक. मी उद्यमनगरात सीएनसी टर्निंगला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, आहे आणि यो-यो म्हणजे शेवटी टर्निंगचा जॉबच, त्यामुळं तपासायचं काम माझ्याकडं आलं. वहिनी पतसंस्थेत अकाउंट बघतात, एक्सेल त्यांच्याकडं. दादाकडं जीव जाळायचं काम.

प्रकरण लिहून काढतोय कारण ह्यात एक गोष्ट अशी कळली जी बाहेरच्या कलेक्टर लोकांच्या बोलण्यात येत नाही. ते म्हणतात बिनधास्त विका, परत खेळावासा वाटला तर परत घ्या, यो-यो कुठं पळून जात नाही. अमेरिकेत बसून बोलायला हे ठीक आहे. कोल्हापुरात बसल्यावर ह्याचा हिशोब पूर्ण वेगळा येतो आणि काय ठेवायचं हे त्या हिशोबावरच ठरतं.

माल काय होता

ज्यांना यो-यो म्हणजे जत्रेतलं प्लॅस्टिकचं खेळणं एवढंच माहितेय त्यांच्यासाठी दोन ओळी. आताचा यो-यो खाली सोडला की नुसता हिसका देऊन वर येत नाही. मधे बॉल बेअरिंग असतं, दोरी त्याच्यावर बसते, यो-यो खाली मिनिटभर आरामात फिरत राहतो आणि परत आणायला दोरीचा वेढा आत देऊन बाइंड मारावा लागतो. ह्याला अनरिस्पॉन्सिव्ह म्हणतात. जुन्या पद्धतीचा, हिसक्याला वर येणारा, तो रिस्पॉन्सिव्ह. खेळायच्या प्रकारांना १ए ते ५ए अशी नावं आहेत, एका यो-योवर दोरीच्या ट्रिक्स मारायच्या तो १ए, दोन हातांत दोन घेऊन लूप मारायचे तो २ए, दोरी बोटात न अडकवता टोकाला वजन लावून खेळायचं तो ५ए. दादा मुख्यतः १ए वाला, बाकीचं हौस म्हणून.

६१ मधले निम्म्याच्या आसपास चायनीज ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचे, मॅजिकयोयोचे एन११, एन१२ आणि तसलेच, स्वस्तातले पण खेळायला झकास. मग योयोफॅक्टरीचे, त्यात शटर, रिप्ले प्रो आणि लूप ७२० ची जोडी. डंकनचे इम्पीरियल, बटरफ्लाय, फ्रीहँड. योमेगाचा ब्रेन, ज्याच्या आत स्प्रिंगवरचे दोन हात असतात, वेग असेपर्यंत ते बाहेर फेकलेले राहतात आणि वेग कमी झाला की एक्सल, म्हणजे मधला आस, धरतात, मग यो-यो आपोआप वर येतो (सेंट्रिफ्यूगल क्लचच की, मोपेडसारखा). वन ड्रॉपचा कॅस्केड. योयोजॅमचा डार्क मॅजिक, प्लॅस्टिकच्या बॉडीत धातूची रिंग बसवलेला. ॲल्युमिनियम बॉडीवर स्टीलची रिंग असलेले तीन-चार बायमेटल. एक टायटॅनियम. टॉम कुन नावाचे सॅन फ्रान्सिस्कोचे एक डेंटिस्ट होते, त्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटाकडं काढलेला लाकडी नो जाइव्ह थ्री-इन-वन, ज्याचे दोन अर्धे उलटसुलट लावून तीन आकार करता येतात. शाळेतला कोल्ड्रिंकच्या जाहिरातीचा एक. आणि सावंतवाडीच्या चितार आळीतनं लहानपणी आणलेला लाखेच्या रंगाचा लाकडी.

काकांना, म्हणजे दादाच्या वडलांना, हा सगळा पोरखेळ वाटतो, "परदेशी फॅड" हा त्यांचा शब्द. बुंदी-कोट्याकडचं १७७० च्या आसपासचं एक लघुचित्र आहे, बाई यो-यो खेळतेय, ते मी मोबाईलवर दाखवलं तर म्हणाले राजेलोकांना काम नव्हतं. पण विकायचं निघाल्यावर ह्याच काकांना डंकनच्या इम्पीरियलमधे अँटिक दिसायला लागलं. जुनी अमेरिकन कंपनी आहे, लाखात जाईल, वगैरे. तर तसं नाहीये. डंकन १९६५ मधे दिवाळखोरीत गेली, त्याच वर्षी कोर्टानं यो-यो हा शब्द त्यांचा एकट्याचा ट्रेडमार्क नाही असा निकाल दिला, मग फ्लॅम्बो नावाच्या प्लॅस्टिकवाल्या कंपनीनं नाव विकत घेतलं आणि तेव्हापासनं इम्पीरियल निघतोच आहे. कलेक्टर लोक मागं लागतात ते त्याच्या आधीच्या, विस्कॉन्सिनमधल्या लक गावच्या कारखान्यातल्या मेपलच्या लाकडी यो-योंच्या. आपला प्लॅस्टिकचा. गेला २५० ला.

पहिली यादी

दादाला म्हटलं आवडीचे बाजूला काढ. त्यानं २४ काढले. वहिनी म्हणाल्या, "अहो, विकायचं ठरलंय की नुसतं धुऊन परत ठेवायचं?" मग मी वर्कशॉपमधनं जुनी गेजची ॲल्युमिनियमची पेटी आणली, तिच्यातला फोम कापला, कसंही केलं तरी नऊच्या वर खाचे बसेनात. नऊ म्हणजे नऊ. जागेची मर्यादा अशी हातात धरता येणारी पाहिजे, "थोडे ठेवू" असं म्हटलं की थोडेचे चोवीस होतात हे समोर दिसतच होतं.

दुसऱ्यांदा त्यानं किमतीनं लावले, महागातले नऊ वर. ही यादी बघूनच कळत होतं की गडबड आहे, कारण त्यात रोज ऑफिसच्या बॅगेत जाणारा रिप्ले प्रो नव्हता, आणि दोन यो-यो असे होते की त्यांच्यावरची दोरी नवीकोरी पांढरी होती. पॉलिस्टरची दोरी खेळून खेळून मळते, पीळ सुटतो, बोटाच्या फाशाशी केसाळ होते, रोज खेळणारा माणूस आठ-पंधरा दिवसांत बदलतो. पांढरी दोरी म्हणजे शोकेस.

ह्यावर वहिनींनी जे केलं ते मला सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात भारी वाटतं. सगळे ६१ ट्रंकेत, किल्ली त्यांच्याकडं. रोज संध्याकाळी दादानं एक मागायचा, त्या काढून देणार आणि एक्सेलमधे लिहिणार. महिनाभर. दादाला आधी वाटलं चेष्टा करताहेत, नंतर दोन दिवस रुसून मागितलाच नाही, मग सुरू झालं. महिन्याच्या शेवटी जे दिसलं त्यानं दादालाच धक्का बसला. सगळ्यात जास्त रिप्ले प्रो, प्लॅस्टिकचा, कलेक्शनमधल्या स्वस्तांपैकी एक. त्याच्याखाली कॅस्केड. मग, हे कुणालाच अपेक्षित नव्हतं, सावंतवाडीचा लाकडी, कारण त्याला बेअरिंग नाही, एक्सलवरच दोरी घासते, दोन-चार सेकंदांत जे करायचं ते करावं लागतं, दादाला त्यातच मजा यायला लागलेली. टायटॅनियम एकदाच, तेही पाहुणे आलेले म्हणून दाखवायला. लूपची जोडी शून्य. मनगट दुखतं म्हणे.

परत घ्यायला काय पडतं

आता मूळ मुद्दा. हाताला काय पाहिजे ते वहिनींच्या शीटनं सांगितलं. दुसरा रकाना मी घालायला लावला: हा विकला आणि वर्षानं परत पाहिजे झाला, तर कोल्हापुरात हातात पडेपर्यंत किती लागतील.

खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० च्या बजेटमधे २० टक्क्यांवरनं ६० वर नेली, २०२३ मधे ती ७० झाली. २०२१ च्या १ जानेवारीपासनं खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. मोठ्या खेळणी कंपन्यांसाठी हे ठीक असेल, देशातल्या कारखानदारांना फायदाही झाला असेल, पण परदेशातनं दहा-वीस पीस मागवून इथं विकणाऱ्या छोट्या माणसाला सर्टिफिकेटचा खटाटोप कसा झेपणार. म्हणजे चांगले यो-यो इथल्या दुकानात यायची वाट अरुंद झाली. स्वतः बाहेरनं मागवायचा तर ६५ ग्रॅमच्या वस्तूला डाक खर्च एवढा की कधी कधी वस्तूच्या निम्मा, वर कस्टमवाले पार्सल उघडून त्यांच्या पद्धतीनं आकारणी करणार, आणि पार्सल कधी येईल ते पार्सललाच माहीत. दादाच्या जुन्या पावत्या काढून बघितल्या तर ४५ डॉलरची वस्तू घरात येईपर्यंत बऱ्याचदा दुपटीकडं झुकलेली.

त्यामुळं त्या रकान्यात तीन जाती पडल्या. एक, जे शॉपिंग साइटवर आज ऑर्डर केलं की आठवड्यात येतात, बहुतेक चायनीज. दोन, जे अजून बनतात पण बाहेरनंच आणावे लागतात, म्हणजे दीडपट-दुप्पट. तीन, जे बनतच नाहीत. योयोजॅम २०१५ मधे बंद पडली, डार्क मॅजिक आता फक्त कुणीतरी विकायला काढला तरच. सावंतवाडीचा म्हणाल तर चितार आळी आहे तिथंच आहे, आंबोली घाट उतरला की आलीच, पण तो कारागीर, तो साचा, ती जाडी परत तशीच मिळेल ह्याची खात्री नाही.

म्हणून माझं मत असं पडलं की हात मागतो आणि परत मिळायला अवघड, असा यो-यो चर्चा न करता पेटीत. हात मागतो पण सहज मिळतो, तो विका, लागला तर घेऊ. हात मागत नाही आणि सहज मिळतो, तो तर विकाच. भांडण होणार होतं ते उरलेल्या चौथ्या प्रकारावर, हात मागत नाही पण परत कधी मिळणार नाही. आणि झालंच.

डायल लावल्यावर

भांडणाआधी तपासणी, कारण किंमत तिच्यावर ठरते. यो-यो सोडल्यावर नख हलकं रिमला, म्हणजे बाहेरच्या कडेला, लावलं की थरथर लागते, तिला व्हाइब म्हणतात, आणि घेणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, व्हाइब आहे का. दादानं सात-आठ यो-यो ह्याच कारणावरनं खराब म्हणून बाजूला टाकलेले, तीनशे-चारशेला फुंकायच्या तयारीत.

शनिवारी मशीन मोकळं असतं तेव्हा एम-४ (चार मिलिमीटरच्या) आट्याचं एक छोटं मॅन्ड्रेल, म्हणजे जॉब धरायचा दांडा, मारलं, एकेक अर्धा त्याच्यावर चढवला आणि रिमला डायल लावला, म्हणजे फिरताना कड किती हलते ते सुईनं दाखवणारं गेज. चांगल्या कंपनीचे ०.०२ मिलिमीटरच्या आत, सुई हलल्यासारखी वाटते एवढंच. दोन-तीन चायनीज ०.०६ च्या पुढं, ते खरंच आउट. पण गंमत अशी की खराब म्हणून टाकलेल्यांतले निम्म्याहून जास्त बॉडीला एकदम ओके होते. दोष एक्सलमधे. एक्सल म्हणजे काय, एम-४ चा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू, पडून पडून केसभर वाकलेला. फास्टनरच्या दुकानात तेवढ्याच लांबीचा घेतला, चहापेक्षा स्वस्त, थरथर गायब. काहींत बेअरिंग मेलेलं. साइज सी म्हणतात ते बेअरिंग म्हणजे आपलं आर१८८, पाव इंच आतला, अर्धा इंच बाहेरचा व्यास, २०१७ मधे फिजेट स्पिनरची लाट आलेली तेव्हा त्यातल्या काही चांगल्या स्पिनरमधे हेच असायचं, त्यामुळं बेअरिंगवाल्याकडं इंचात मागितलं की लगेच कळतं, मिलिमीटरमधे सांगत बसलात तर तो ६०८ नंबरचं दुसरंच काढून देतो. जी चांगली होती पण कोरडी घरघर करत होती त्यांची वरची तारेची क्लिप टाचणीनं उचलली, शील्ड काढली, पेट्रोलमधे धुतली, वाळवून पातळ तेलाचा एक थेंब. रिस्पॉन्स पॅड, म्हणजे बाइंड मारल्यावर दोरी धरणाऱ्या आतल्या चकत्या, झिजले होते तिथं गाडीच्या गॅस्केटला लावतात ते लाल आरटीव्ही सिलिकॉन भरलं, कार्ड फिरवून सपाट केलं, रात्रभर ठेवलं.

एका ॲल्युमिनियमच्याचे आतले आटेच गेलेले, कुणीतरी जोर लावून आवळलेला, स्टीलच्या स्क्रूपुढं ॲल्युमिनियम काय टिकणार. तो शोपीस म्हणून आटे गेलेत असं सरळ लिहून विकला. दादाचं म्हणणं होतं की ज्यांच्या कडेला टोचे पडलेत, रस्त्यावर आपटून, ते लेथवर हलके फेस करून, म्हणजे वरचा थर कापून, दे, चकचकीत होतील. नाही दिले. वरचा अनोडाइजचा रंगीत थर उडतो, वजन बिघडतं आणि घेणारा जाणकार असेल तर लेथ लावलेला एका नजरेत ओळखतो. टोचा दिसू दे, फोटोत जवळनं दाखव, किंमत तेवढी कमी सांग. त्या खराब गठ्ठ्यातला एक, तीनशेला जाणारा, नवा एक्सल घालून १,८०० ला गेला, आणि घेणाऱ्यानं पोचल्यावर खेळतानाचा व्हिडिओ पाठवला.

ज्याच्यावरनं भांडण झालं

टायटॅनियम. दादानं पहिल्या बोनसमधनं घेतलेला, सगळं धरून पंचवीस हजाराच्या घरात पडलेला. थोड्या नगांची बॅच होती, परत निघालेली नाही. "तुझ्याच हिशोबानं हा परत मिळणार नाही," दादा म्हणाला, "मग पहिला हाच ठेवायला पायजे, काय?" म्हटलं दादा, महिन्यात एकदा मागितलास, तेही पाहुण्यांसाठी. परत न मिळणारी वस्तू आपण वापरत नसू तर ती परत मिळायचा प्रश्नच कुठं येतो? हे त्याला पटलं नाही, दोन दिवस पटलं नाही. माझं अजूनही हेच मत आहे की दुर्मिळ असणं हे एकट्यानं ठेवायचं कारण होत नाही, आधी हात, मग दुर्मिळपणा, उलट लावलं तर आपण यो-यो खेळत नाही, राखण करतो. पण दादाची बाजूही सांगतो. तो म्हणाला की खेळायचे कुठलेही मिळतात, कलेक्शन ह्याला म्हणतात. तेही चूक नाही, नऊ खाच्यांच्या जागी नव्वद असते तर मीही गप्प बसलो असतो.

शेवटी टायटॅनियम विकायला लावला तो आकड्यानं. सगळ्या विक्रीतला सहावा हिस्सा त्या एकट्यातनं येत होता, म्हणजे डिपॉझिटचा मोठा तुकडा. वहिनींनी एवढंच दाखवलं आणि काही बोलल्या नाहीत, न बोलण्याचा फार परिणाम होतो आमच्याकडं. एक अडचण होती, टायटॅनियम फिरता फिरता काँक्रीटला घासला की ठिणग्या पडतात, आणि दादानं तारुण्याच्या जोशात रात्री रंकाळ्याच्या कडेला हे उद्योग केलेले, त्यामुळं रिमवर घासल्याचा पट्टा होता. आम्ही पट्ट्याचा फोटो लावला आणि ठिणग्यांचा जुना व्हिडिओही. बेंगळुरूचा एक मुलगा त्या व्हिडिओवरच फिदा. १६,००० ला गेला, म्हणजे डाग लपवायच्या ऐवजी डागानंच गिऱ्हाईक आणलं.

शटरवर वेगळं झालं. जेंट्री स्टाइननं २०१४ ला प्रागमधे १ए ची जागतिक स्पर्धा जिंकली, त्याच्या नावाचा हा यो-यो, दादानं तो राउंड इतक्या वेळा बघितलाय की घरात सगळ्यांना पाठ आहे. भावना खरी. पण शटर ही दुसरी जात, बनणारी वस्तू, बाहेरनं आणता येते, आणि शीटमधे दोनच नोंदी. गेला २,६०० ला. तो राउंड कुठं विकलाय, तो बघतोच आहे.

ठेवले ते असे: रिप्ले प्रो ठेवला, आणि इथं माझा नियम मोडला हे कबूल, कारण तो काही दुर्मिळ नाही, पण ज्याच्यावर रोज हात बसलाय तो विकून नवा घेण्यात काय पॉइंट, चारशे-पाचशेच्या फरकासाठी. कॅस्केड, कारण वन ड्रॉप ही ऑरेगनमधल्या यूजीनची कंपनी, स्वतःच्या मशीनशॉपमधे टर्निंग करणारी, त्याच्या मधल्या साइड इफेक्ट नावाच्या टोप्या बदलून वजन बदलता येतं, आणि त्याचं फिनिश बघून आमच्या शॉपमधला सगळ्यात खडूस टर्नर म्हणाला, "बरंय." डार्क मॅजिक, कंपनीच बंद. नो जाइव्ह. सावंतवाडीचा. योमेगा ब्रेन पुतण्यांना शिकवायला, नवख्याला आपोआप वर येणारा बरा पडतो. फ्रीहँड, ५ए साठी. कोल्ड्रिंकवाला, ज्याची बाजारात किंमत शून्य आणि ज्याच्यावर कुणी वाद घातला नाही. नववा एक जपानी ॲल्युमिनियम, तो का ठेवला हे दादानं कुणालाच सांगितलं नाही, वहिनींनी कारणाच्या रकान्यात डॅश टाकलाय.

विक्री

पुण्याच्या एकानं सुरुवातीलाच एकगठ्ठा ६१ चे ६२,००० देऊ केलेले, टायटॅनियमसकट, आज पैसे उद्या गाडी पाठवतो. दादा पाघळला होता, एका फटक्यात मोकळा. वहिनींनी त्याला नाही म्हणू दिलं नाही आणि हो पण म्हणू दिलं नाही, "आठवडा द्या" म्हणून लटकत ठेवला. हे डोकं कामाला आलं. ती ऑफर म्हणजे आमची तळाची रेघ झाली, फोडून विकताना त्याच्या खाली जायचं नाही.

महागातले आधी लावले कारण त्यांना गिऱ्हाईक कमी, वेळ लागतो. देशात पाच हजाराच्या वरचा यो-यो घेणारी माणसं एकमेकांना ओळखतात म्हटलं तरी चालेल, खोटं बोललात की आठवड्यात सगळ्यांना कळतं. स्वस्तातले सुटे विकायचा नाद सोडला, चार-चारचे गठ्ठे केले, प्रत्येकात दोऱ्या आणि एक जादा बेअरिंग, हॉस्टेलच्या पोरांनी धडाधड उचलले. फोटो खिडकीपाशी काळ्या कागदावर, वरनं, बाजूनं, बेअरिंगची जागा उघडून, आणि टोचा असेल तिथं टॉर्च तिरका मारून.

एका क्लासिफाइड ॲपवर नेहमीचा प्रकार झाला. आपण सैन्यात आहोत, बदली झालीय, भाव न करता पैसे देतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे तुमच्या खात्यात येतील. दादा स्कॅन करायला निघालेला. वहिनींनी मोबाईल काढून घेतला. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे जाणार आपलेच, हे पतसंस्थेत त्या दिवसातनं चार म्हाताऱ्यांना सांगतात.

लूपची जोडी घ्यायला सांगलीचा एकजण रविवारी स्वतः एसटीनं आला. बरोबर केलं त्यानं. २ए ची जोडी फोटोवर घ्यायची नसते, दोन्हींचा रिस्पॉन्स सारखा आहे का, दोन्ही एकाच ताकदीनं परत येतात का, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. गल्लीत उभा राहून त्यानं आपल्या दोऱ्या लावल्या, आपल्या मापाला कापल्या, दोन्ही हात सुरू केले आणि समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. काकासुद्धा गॅलरीत येऊन बघत होते. डावा किंचित आळशी आहे म्हणाला, दोनशे कमी करा. वहिनी म्हणाल्या दोऱ्यांचं पाकीट देते, दोनशे नाही. घेतली. चहा पिऊन गेला.

हिशोब

९ पेटीत, ४ पुतण्यांना आणि गल्लीतल्या पोरांना, ४६ विकले, २ शिल्लक. आले ९७,४००, कुरिअर आणि पॅकिंगला चारएक हजार गेले. वहिनींच्या अंदाजानं खरेदी पावणेदोन लाखाच्या पुढची, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त परत आलं, इतक्या वर्षांच्या खेळाचं भाडं म्हणून हे महाग नाही असं दादा म्हणतो, वहिनी काही म्हणत नाहीत. डिपॉझिट भरून झालं. पुण्याच्या माणसाला नंतर तीन बायमेटल सुटे दिले, त्यानं राग धरला नाही.

शिल्लक दोघांपैकी एक तो ०.०७ आउट असलेला चायनीज, त्याला कुणी घेणार नाही, मीच पेपरवेट म्हणून ऑफिसात नेलाय. दुसरा बायमेटल, स्टीलची रिंग, निळा, कडेला एक टोचा, डायलवर ०.०१५. आधी ५,५०० सांगत होतो, आता ४,८०० ला देऊ. कुणाला पाहिजे असेल तर शनिवारी दुपारनंतर, मशीन मोकळं असतं तेव्हा सांगा, समोर डायल लावूनच देतो.